हरणाला यातना नकोत, तर नेम कुठे धरायचा?

ब्रिटनच्या रानांत आज साधारण २० लाख हरणं असावीत असा अंदाज आहे. त्यांना खाणारं मात्र कोणी उरलेलं नाही. अस्वल आणि लिंक्स फार पूर्वीच संपले, शेवटचे लांडगेही काही शतकांपूर्वी मारले गेले. हरणं बेसुमार वाढली की झाडांची कोवळी रोपं वर यायच्या आत खुडली जातात, रान म्हातारं होत जातं, रस्त्यांवर अपघात होतात आणि एखादा हिवाळा कडक निघाला तर स्कॉटलंडच्या डोंगरांवर हरणं उपाशी मरतात. म्हणून तिथे दर वर्षी ठरवून हरणं मारली जातात. हे काम परवान्याची रायफल घेऊन, कायद्याच्या चौकटीत चालतं आणि मांस खाण्यासाठी विकलं जातं. हे बरोबर की चूक यावर तिथेही वाद आहेत, ते आपण बाजूला ठेवू. मारायचंच ठरलं, तर त्या जनावराचे हाल होऊ नयेत म्हणून गोळी नेमकी कुठे लागायला हवी, एवढाच प्रश्न घेऊ.

कोणालाही विचारा, उत्तर येतं: डोक्यात. मेंदूच गेला तर वेदना कसली? यात खोटं काही नाही. गोळी मेंदूत बसली तर हरीण जागच्या जागी संपतं, त्याला काही कळायच्या आत. तरीही ब्रिटनमध्ये नवशिक्याला पहिल्या दिवसापासून शिकवलं जातं की नेम छातीवर धर, डोक्यावर नको. छातीत गोळी लागलेलं हरीण अनेकदा पन्नास-शंभर मीटर पळून मग पडतं, हे पक्कं माहीत असूनही असं शिकवतात.

त्यामागचा हिशेब असा. नेम कुठे धरायचा हे ठरवताना "गोळी अचूक बसली तर काय होईल" हा प्रश्न दुय्यम असतो. खरा प्रश्न असतो, "गोळी चार बोटं इकडे-तिकडे गेली तर काय होईल?" माणूस थंडीत कुडकुडत असतो, चढण चढून धापा टाकत असतो, वारा असतो, समोरचं जनावर जिवंत असतं, हलत असतं. चार बोटांची चूक ही अपवादाने होणारी गोष्ट नाही. ती होणारच असं धरून जागा निवडायची असते.

आता डोक्याकडे बघा. ब्रिटनमध्ये सर्रास दिसणारं रो जातीचं हरीण खांद्याजवळ जेमतेम ६०-७५ सेंटिमीटर उंच असतं. त्याचा मेंदू मुठीत सहज मावेल. डोकं म्हणून जे दिसतं त्यात मेंदू थोडा आणि जबडा, नाक, दातच जास्त. त्यात हा अवयव सगळ्यात चंचल. चरताना खाली, चाहूल घ्यायला वर, माशी उडवायला बाजूला. रायफलची गोळी सेकंदाला ८००-९०० मीटर वेगाने जाते, म्हणजे १०० मीटर पार करायला तिला साधारण सेकंदाचा आठवा भाग लागतो. त्याआधी मनाने ठरवणं आणि बोटाने चाप दाबणं यात आणखी थोडा वेळ गेलेला असतो. एवढ्यात हरणाने मान खाली घातली की गोळी मेंदूऐवजी जबड्यावर बसते.

यापुढे जे होतं ते वाचायला बरं नाही, पण मुद्दा तिथेच आहे. जबडा फुटलेलं हरीण पडत नाही. त्याचे पाय, काळीज, फुप्फुसं शाबूत असतात, त्यामुळे ते जिवाच्या आकांताने पळतं. माग काढावा तर रक्त फारसं सांडलेलं नसतं. मग ते कुठल्यातरी झाडीत बसून राहतं. त्याला चरता येत नाही, रवंथ करता येत नाही, आणि ते दिवसेंदिवस खंगत मरतं. गोळी झाडणाऱ्याला बरेचदा वाटत राहतं की आपला नेम साफ हुकला आणि हरीण सुखरूप गेलं.

मानेचंही तसंच. मान लांब आणि जाड दिसते, पण त्यातली निकामी करण्याजोगी गोष्ट म्हणजे मणके, आणि ते मानेच्या मधोमध सरळ रेषेत नसतात. डोक्यापासून खांद्यापर्यंत ते नागमोडी जातात. मणक्याला गोळी लागली तर हरीण कोसळतं. नुसता धक्का बसला तरी कोसळतं, आणि मग अर्ध्या मिनिटात उठून चालू लागतं. अन्ननलिका किंवा श्वासनलिका फाटली तर पुन्हा तेच, हळूहळू मरण.

अनुभवी लोक डोक्यावर किंवा मानेवर नेम धरतच नाहीत असं नाही. काही जण धरतात, आणि त्यामागे एक व्यवहारी कारणही असतं. छातीतल्या गोळीने खांद्याचं मांस खराब होऊ शकतं, डोक्यातल्या गोळीने सगळं मांस हाती लागतं आणि व्यापाऱ्याकडे भाव चांगला मिळतो. पण जवळचं अंतर, रायफलला पक्का टेकू आणि बेसावध उभं जनावर, हे तिन्ही जुळून आलं नसताना भावासाठी डोक्यावर नेम धरणारा माणूस स्वतःच्या चुकीची किंमत हरणाला मोजायला लावतो, असं माझं मत आहे.

छातीत काय असतं?

गोळी शिरली एवढ्याने प्राणी मरत नाही. मेंदूला रक्तातून मिळणारा प्राणवायू बंद झाला की मरतो. छातीत तो पुरवठा तोडण्याजोगं सगळं एका जागी गोळा झालेलं असतं. खाली, पुढच्या दोन पायांच्या कोपरांच्या मधे हृदय. त्याच्या वर जाड रक्तवाहिन्या. आणि या सगळ्याला वेढून, जवळजवळ पूर्ण पोकळी भरून टाकणारी दोन फुप्फुसं. यातलं काहीही मोठ्या प्रमाणात फाटलं की रक्तदाब झपाट्याने कोसळतो आणि काही सेकंदांत शुद्ध हरपते. त्या काही सेकंदांत हरीण मेंदूत आणि स्नायूंत आधीच साठलेल्या प्राणवायूवर पळतं. लांबून बघणाऱ्याला वाटतं, निसटलं. प्रत्यक्षात ते पळता पळता बेशुद्ध होत असतं.

हरीण अगदी आडवं, म्हणजे आपल्याकडे कूस करून उभं असेल, तर पुढच्या पायाच्या रेषेत सरळ वर जायचं आणि छातीच्या खालच्या कडेपासून साधारण एक तृतीयांश उंचीवर थांबायचं. हीच नेम धरण्याची जागा. आता इथून चार बोटं चुकून बघू. वर गेली तर फुप्फुस. खाली गेली तर हृदय. पुढे गेली तर खांद्याची हाडं फुटतील, पण त्यांच्यामागेही फुप्फुसाचा पुढचा भाग आहेच. किंचित मागे गेली तरी फुप्फुस. म्हणजे चारी बाजूंना चुकायला जागा आहे. डोक्याला ही सवलत नाही.

ही सवलत चारी बाजूंना सारखी मात्र नाही, आणि नवखे इथेच फसतात. मागच्या बाजूला ती लवकर संपते. बरगड्या दिसतात तिथपर्यंत छाती, असं आपण धरून चालतो. पण छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा सरळ भिंतीसारखा उभा नसतो. पालथ्या वाटीसारखा तो छातीच्या आत, पुढे फुगलेला असतो. त्यामुळे शेवटच्या कित्येक बरगड्यांच्या आड फुप्फुस नसतंच. तिथे यकृत असतं आणि त्यामागे गवताने भरलेलं भलंमोठं पोट. यकृतात लागलेली गोळी मारते, पण मिनिटं घेते. पोटात लागलेली गोळी तास घेते, कधी कधी त्याहून जास्त. जंतू सगळीकडे पसरल्याने मांसही वाया जातं. म्हणून छातीच्या नेमात शंका असेल तेव्हा कल पुढे असावा, मागे कधीच नाही.

वरच्या बाजूचा घोटाळा वेगळा आहे. खांद्यावर हरणाची पाठ जिथे उंच दिसते, तिथे पाठीचा कणा नसतो. मणक्यांना वरच्या बाजूने हाडांचे लांब काटे असतात, आणि पाठीची ती रेषा त्या काट्यांच्या टोकांवर, मांसावर आणि केसांवर उभी असते. कणा त्याच्या बराच खाली, छातीच्या छताशी असतो. आता गोळी नेमापेक्षा बरीच वर गेली आणि या काट्यांना लागली तर काय होईल? कण्याला जबर हादरा बसतो आणि हरीण धाडकन खाली पडतं. शिकारी खूश होतो, रायफल खाली ठेवतो, पाठीवरची पिशवी काढतो. तेवढ्यात हरीण उठतं आणि निघून जातं, पाठीवर मोठी जखम घेऊन. म्हणून गोळीसरशी जागेवर कोसळलेल्या हरणाकडे जाणकार जास्त संशयाने बघतात. दुसरं काडतूस चढवतात, नजर दुर्बिणीतच ठेवतात आणि थोडा वेळ बोट चापाजवळून हलवत नाहीत.

हरीण आडवं नसेल तर

रानातलं जनावर आपल्या सोयीने उभं राहत नाही. तिरकं उभं असेल तर कातडीवरचा तोच ठिपका फसवा ठरतो, कारण गोळी सरळ जाते आणि शरीर मात्र वळलेलं असतं. अशा वेळी गोळी शिरते कुठे यापेक्षा ती बाहेर कुठून पडेल याचं चित्र आधी डोळ्यासमोर आणायचं. हरीण आपल्यापासून थोडं पलीकडे तोंड करून उभं असेल, तर पलीकडचा पुढचा पाय मनात धरायचा आणि गोळी त्याच्या आसपास निघेल अशा बेताने अलीकडे नेम धरायचा. नेम थोडा मागे सरकल्यासारखा वाटतो, पण गोळीची वाट छातीतूनच जाते. कोन फार तिरका झाला की ती वाट आधी पोटातून जाते. मग थांबायचं.

आपल्याकडे तोंड करून उभ्या हरणाची छाती अरुंद असते आणि आरपार जाणारी गोळी पुढे थेट पोटात घुसते. त्यामुळे अगदी जवळून, अगदी खात्री असेल तरच तो नेम धरतात. पाठमोऱ्या हरणावर गोळी झाडायची नाही, त्यात चर्चेला काही नाही. पळणाऱ्यावरही नाही. उंच मचाणावरून खाली बघताना गोळी वरून खाली तिरकी उतरते, म्हणून शिरण्याची जागा थोडी वर घ्यावी लागते. मचाणाचा आणखी एक मोठा फायदा म्हणजे चुकलेली किंवा आरपार गेलेली गोळी जमिनीत रुतते. डोंगराच्या कडेवर, आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभं असलेलं हरीण कितीही देखणं आणि सोपं दिसलं तरी ते सोडून द्यायचं असतं. त्याच्यामागे गोळी अडवणारं काहीच नसतं आणि रायफलची गोळी काही मैल जाऊ शकते. कळपात एकामागे एक उभ्या हरणांनाही हाच नियम. एकाला मारलेली गोळी बाहेर पडून मागच्याला जखमी करते, आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

कायदा गोळीबद्दल काय म्हणतो?

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९१ चा डिअर ॲक्ट लागू आहे. बहुतेक हरणांसाठी रायफलच्या नळीचा व्यास किमान ०.२४० इंच आणि नळीतून सुटताना गोळीची ताकद किमान १७०० फूट-पौंड लागते. मुंटजॅक आणि चायनीज वॉटर डिअर या लहान जातींसाठी ०.२२० इंच आणि १००० फूट-पौंड चालतात. स्कॉटलंडचा कायदा वेगळा, १९९६ चा, आणि तिथे गोळीच्या वजनाच्या आणि वेगाच्याही अटी आहेत. छर्ऱ्याची बंदूक काही मोजके अपवाद सोडले तर चालत नाही, कारण छर्रे पांगतात, खोल जात नाहीत आणि जनावराला नुसतं जखमी करून सोडतात. सूर्यास्तानंतरच्या एका तासापासून सूर्योदयाआधीच्या एका तासापर्यंत, खास परवाना नसेल तर, गोळी झाडता येत नाही.

गोळी आत शिरल्यावर पसरणारी असावी, हीसुद्धा कायद्याचीच अट आहे. टोकाशी मऊ किंवा पोकळ असलेली गोळी मांसात शिरताच छत्रीसारखी उघडून चपटी, रुंद होते, जास्त पेशी फाडते आणि आपली ताकद आतच खर्च करते. न पसरणारी, पूर्ण कवचाची गोळी बारीक भोक पाडून आरपार निघून जाते आणि जनावर रखडत मरतं. गंमत अशी की १८९९ च्या हेग परिषदेत युद्धात माणसांवर पसरणाऱ्या गोळ्या वापरायला मनाई झाली. दमदमच्या गोळ्या म्हणून ज्यांची तेव्हा चर्चा होती, त्याच जातीच्या. सैनिकांच्या बाबतीत जे क्रौर्य ठरलं तेच हरणाच्या बाबतीत दया ठरतं, कारण सैनिक जखमी होऊन लढण्यातून बाद झाला की पुरे, हरीण मात्र जखमी होऊन मागे उरता कामा नये. आता यात शिशाचा प्रश्नही आला आहे. शिशाचे बारीक कण मांसात उरतात, मेलेल्या जनावराचे अवशेष खाणाऱ्या पक्ष्यांच्या पोटात जातात. ब्रिटिश सरकारने २०२५ मध्ये शिशाच्या गोळ्यांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणण्याचं जाहीर केलं, त्यामुळे बरेच जण तांब्याच्या गोळ्यांकडे वळत आहेत. रायफल नव्या गोळीवर पुन्हा जुळवून घ्यावी लागते, एवढंच लक्षात ठेवायचं.

आणि स्वतःचा हात? तिथे डिअर स्टॉकिंग सर्टिफिकेटच्या पहिल्या पातळीच्या परीक्षेत १०० मीटरवरून तीन गोळ्या चार इंचांच्या वर्तुळात बसवाव्या लागतात. चार इंच म्हणजे दहा सेंटिमीटर. लहान हरणाच्या छातीतली खात्रीची जागाही साधारण तेवढीच. पण परीक्षेच्या मैदानावर धाप लागलेली नसते. म्हणून ज्याला मैदानावर हे वर्तुळ कसंबसं जमतं त्याने रानात १०० मीटरचा विचारच करू नये, निम्म्यावर यावं.

चाप ओढण्याआधी आणि नंतर

हरणाला कळायच्या आत गोळी लागणं हा यातना टाळण्याचा निम्मा भाग आहे. १९९७ साली नॅशनल ट्रस्ट या निसर्ग आणि वारसा जपणाऱ्या ब्रिटिश संस्थेने प्राणिवर्तनाचे अभ्यासक पॅट्रिक बेटसन यांच्याकडून एक पाहणी करून घेतली होती. शिकारी कुत्र्यांनी पळवून पळवून मारलेल्या लाल हरणांच्या रक्तात आणि स्नायूंत त्यांना अतिश्रमाच्या आणि तणावाच्या ठळक खुणा आढळल्या. ट्रस्टने आपल्या जमिनींवर ती शिकार थांबवली, पुढे २००४ च्या कायद्याने कुत्रे सोडून केलेल्या शिकारीवरच बंदी आली. दबकत जाऊन मारण्याचा फायदा इथे आहे, पण हरीण खरंच बेसावध असेल तरच. कान टवकारून, मान ताणून बघणारं हरीण पुढच्या क्षणी उडी मारणार असतं. शिवाय बिथरलेलं जनावर छातीत गोळी लागूनही जास्त लांब पळतं, हा जाणकारांचा नेहमीचा अनुभव आहे.

गोळी लागल्यावर हरीण काय करतं यावरून ती कुठे लागली याचा बराच अंदाज येतो. हृदयाजवळ लागली तर ते बहुधा पुढे झेप घेतं, पुढचे पाय उचलतं आणि मान खाली घालून सुसाट सुटतं. पोटात लागली तर मागचे पाय झाडतं, पाठ कुबडी करतं आणि जड पावलांनी चालत आडोशाला जातं. ते दिसलं की सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे लगेच मागे धावणं. पाठलाग झाला नाही तर असं हरीण जवळच आडवं होतं. पाठलाग झाला तर मैलभर जातं आणि हाती लागत नाही. दुसरी गोळी चांगली बसण्यासारखी असेल तर ताबडतोब झाडायची, नाहीतर बसून राहायचं.

थोड्या वेळाने, हरीण जिथे उभं होतं त्या जागी जाऊन गवत बघायचं. फिकट गुलाबी, फेसाळ, बुडबुडे असलेलं रक्त फुप्फुसाचं. गर्द, काळपट लाल रक्त यकृताचं. हिरवट-तपकिरी, आंबूस वासाचा चोथा दिसला तर पोट. हाडाची कपची आणि मज्जेचा तुकडा म्हणजे पाय, आणि मग दिवस लांबणार. कापलेले केसही बोलतात, कारण पोटाचे केस फिकट आणि लांब असतात, छातीचे वेगळे. ती जागा पायाने तुडवायची नाही, खूण लावून ठेवायची. पुढचं काम कुत्र्याचं. बव्हेरियन माउंटन हाउंड किंवा आखूड पायांचा टेकेल रक्ताचा दिसेनासा झालेला मागही नाकाने उलगडतो. जवळपास असा कुत्रा मिळण्याची सोय नसेल तर संध्याकाळच्या शेवटच्या उजेडात गोळी झाडूच नये, असं मी म्हणेन.

हरीण सापडलं की पाठीच्या बाजूने जवळ जायचं, पायांच्या टप्प्यात यायचं नाही, आणि लांब काठीच्या टोकाने डोळ्याच्या बुबुळाला हलकेच स्पर्श करायचा. पापणी जराही हलली तर ते मेलेलं नाही.

माद्यांच्या बाबतीत एक जास्तीची काळजी असते. लाल हरणाची पाडसं उन्हाळ्याच्या सुरुवातीला जन्मतात आणि थंडीतही आईवर अवलंबून असतात. म्हणून इंग्लंडमध्ये माद्यांचा हंगाम १ नोव्हेंबरला उघडतो. स्कॉटलंडने २०२३ मध्ये नरांवरचा बंद हंगाम उठवला, माद्यांचा ठेवला, तो याचसाठी. मादी आणि पाडस दोघांना मारायचं असेल तर गोळी आधी पाडसावर. ऐकायला निर्दय वाटतं. पण आधी आई गेली तर पाडस बिथरून पळतं, पुन्हा हाती लागत नाही आणि पहिल्या कडाक्याच्या थंडीत एकटं मरतं. पाडस आधी पडलं तर आई बरेचदा तिथेच घुटमळते आणि दुसरी गोळीही नीट बसते.

शेवटी जनावर सोलताना छाती उघडली की गोळीची वाट दिसते. कुठून शिरली, काय फाटलं, कुठून निघाली. नेम धरला होता तिथून ती सतत एकाच बाजूला जात असेल तर दोष रायफलच्या दुर्बिणीत असतो, ती पुन्हा जुळवायची. कधी इकडे, कधी तिकडे जात असेल तर दोष हातात असतो. मग अंतर कमी करायचं आणि पुन्हा कागदाच्या निशाण्यासमोर जाऊन बसायचं.